जितूचा ग्रह

निवती,
१४ जानेवारी २०२५

चि. सारिकास,
सासूचे पोटभर आशीर्वाद.

'चि.'च्या पुढे 'सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. तसंच पुढे लिहिते आहे, समजून घे.

फोनवर आपण दोघी एकमेकींचा आवाज ऐकतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. परवा तू नुसतं हॅलो म्हणालीस आणि मी फोन ह्यांच्याकडे दिला. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. कागदासमोर रडू आलं तर पेन खाली ठेवता येतं.

बातमी अशी की आपल्या शाळेत विज्ञानाचं नवं दालन बांधून झालं आहे आणि त्याला जितूचं नाव द्यायचं ठरलं आहे. गुरुप्रसाद सांगायला आला होता. तो जितूच्या वर्गातला, आता शाळेच्या समितीवर असतो. दारावर संगमरवरी पाटी लागणार, डॉ. जितेंद्र गुरुदास खवणेकर, नव्या ग्रहाचे शोधक. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की उद्घाटन. ओरोसहून शिक्षणाधिकारी येणार आहेत. गुरुप्रसादनं मला विचारलं, काकी, ह्यो ग्रह नेमको खंय आसा? मी वर बोट दाखवलं. आणखी काय करणार?

हसलीस ना? मीही हसले. तो गेल्यावर मात्र पायरीवर बसून राहिले. पोटचा मुलगा इतकी वर्षं काय शोधत होता, हे मला दोन वाक्यांत सांगता येत नाही. तो फोनवर सांगायला लागला की मी जेवलास काय विचारायची. आता तूच सांग. तुझंही काम तेच. मला समजेल असं लिही.

ऑगस्टमध्ये जितू गेला तेव्हापासून ह्यांनी जेवण टाकल्यासारखंच केलं होतं. जेटीवर जात नाहीत, जाळ्याला हात लावत नाहीत. पाटीचं ऐकलं आणि त्या दुपारी भाकरी मागून घेतली. तेवढ्यासाठी गुरुप्रसादचे उपकार मानते.

तिळाचे लाडू आणि आमसुलं पाठवली आहेत. यंदा तू लाडू खायचे की नाही यावर शेजारच्या राधाबाईचं काही म्हणणं होतं. मी ऐकून घेतलं नाही. खा.

तुझी,
आई


पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आईंस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले आणि संपलेही. संस्थेत जितेंद्रची खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही. मी रोज तिच्या शेजारून जाते. तुमचं पत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यात बसले आणि तिथेच वाचलं.

तुम्ही विचारलंत ते सांगते. तारा जन्मतो तो वायू आणि धुळीच्या मोठ्या ढगातून. ढग स्वतःच्याच भारानं आत कोसळतो, मधोमध तारा पेटतो आणि उरलेलं सगळं त्याच्याभोवती पसरट तबकडीसारखं फिरत राहतं. त्या तबकडीत धुळीचे कण एकमेकांना चिकटतात. कणांचे खडे होतात, खड्यांचे डोंगर, डोंगर एकमेकांवर आदळून ग्रह. आपली पृथ्वी अशीच झाली. सूर्याजवळ उष्णता जास्त, म्हणून तिथे दगडाचे लहान ग्रह. लांब थंडीत बर्फ टिकलं, तिथे गुरू-शनीसारखे प्रचंड ग्रह.

सगळीकडे अशीच मांडणी असेल असं शास्त्रज्ञांना वाटत होतं. गेल्या तीसेक वर्षांत दुसऱ्या ताऱ्यांचे हजारो ग्रह सापडले आणि तो समज मोडला. कुठे गुरूएवढा ग्रह ताऱ्याला इतका चिकटलेला की त्याचं वर्ष आपल्या चार दिवसांत संपतं. पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान ग्रह तर जागोजागी सापडतात, आपल्याकडे मात्र तसा एकही नाही. आता असं मानतात की ग्रह जन्मल्या जागी राहत नाहीत. तबकडीतला वायू त्यांना आत-बाहेर सरकवतो, ते एकमेकांना ढकलतात, एखाद्याला कायमचं बाहेर फेकूनही देतात. आपला गुरूही लहानपणी सरकला असावा.

जितेंद्रचा प्रश्न एवढाच होता की आपलं घर चारचौघांसारखं आहे की वेगळं. त्यासाठी तो ताऱ्यांचं बाळपण पाहत होता. वृषभ राशीत एक तरुण तारा आहे. त्याचा प्रकाश साडेचारशे वर्षं चालून आपल्यापर्यंत येतो. चिलीच्या वाळवंटातल्या रेडिओ दुर्बिणींनी त्याच्या तबकडीचं चित्र घेतलं, तेव्हा तिच्यात गोल रिकामा पट्टा दिसला आणि पट्ट्यात एक फिकट ठिपका. वाटेतली धूळ गोळा करत ग्रह फिरला की असा पट्टा पडतो. म्हणून त्यानं लिहिलं, हा ठिपका म्हणजे नुकता जन्मलेला ग्रह असावा.

खात्री करण्यासाठी पुन्हा एकदा पाहायला हवं, हे त्याचंच म्हणणं. तसा अर्ज त्यानं जाण्यापूर्वी केला होता आणि तो मंजूर झाला. नवीन चित्रं मार्चमध्ये माझ्याकडे येतील.

बाबांना म्हणावं, मीही आता दोन वेळा जेवते, त्यांनीही जेवावं.

तुमच्या मायेत असलेली,
सारिका


निवती,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सारिकास,
घरातल्या दोघांचेही आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तबकडी म्हणजे केवढी, असं विचारलं. मी म्हटलं, माका काय ठाऊक, सुनेक विचारा. मग म्हणाले, थंय कोण रवता काय? तिथे कुणी राहतं का, याचं उत्तर आता तू दे.

मी मात्र धीट झाले आहे. काजू सोलायला आम्ही बायका बसतो, तिथे सगळं सांगितलं. खड्यांचे डोंगर होतात इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. गुरू सरकतो म्हटल्यावर राधाबाई घाबरली. तिच्या नातवाच्या पत्रिकेत गुरू आहे म्हणे. तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पण आता वाडीत जितूचो ग्रह असंच म्हणतात. पोरं मला वाटेत थांबवून विचारतात.

पाटी कुडाळला करायला टाकली. उद्घाटन दहा मे. गुरुप्रसादचा आग्रह आहे की तू येऊन भाषण करावंस. मीही तेच म्हणते. ये, म्हणजे मासे साफ करायला शिकवीन. घाटावरच्या नांदगावच्या मुलीला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नाही, हे मी अजून बाहेर कुठे सांगितलेलं नाही.

हे काल जेटीपर्यंत जाऊन आले.

माया आहेच, ती काय सांगायची,
आई


पुणे,
२८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आईंस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी अनेकदा लिहायला घेतलं आणि फाडलं. सरळच सांगते. नवीन चित्रं आली. तो ठिपका ग्रह नाही.

कसं कळलं, तेही सांगायला हवं. सगळे तारे आकाशात अगदी सावकाश सरकत असतात. जितेंद्रचं पहिलं चित्र चार वर्षांपूर्वीचं. तेवढ्या काळात हा तारा केसभर पुढे सरकला आणि त्याची तबकडी त्याच्याबरोबर गेली. ठिपका त्याचा ग्रह असता तर तोही बरोबर गेला असता. तो मागेच राहिला आहे. तो त्या ताऱ्याचा कुणीच नाही. त्याच्या कितीतरी पलीकडे असलेली एक दीर्घिका आहे, अब्जावधी ताऱ्यांची. योगायोगानं ती पट्ट्यामागे आली आणि आम्हाला पट्ट्यातली वाटली.

मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चूक माझी निघावी असं मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दोघांनाही तपासायला दिलं. उत्तर तेच.

रिकामा पट्टा खरा आहे. पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसतो. तो कशामुळे पडला, हे मात्र आता कुणालाच माहीत नाही. तिथे आम्हाला न दिसण्याइतका लहान ग्रह असेल, किंवा ग्रहाशिवायही असा पट्टा पडू शकतो.

हा निष्कर्ष मला प्रसिद्ध करावा लागेल. तो छापून येईपर्यंत पावसाळा उजाडेल. इथले एक सहकारी म्हणाले, गावचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग सांगा, कुणाचं काय बिघडतं? मला बाबांची भाकरी आठवली आणि क्षणभर ते पटलं. पण तुमच्यापासून लपवून मी त्या व्यासपीठावर उभी राहू शकत नाही. गावात काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तसं मी करीन.

मला रागवा, पण पत्र लिहा.

सारिका


निवती,
६ एप्रिल २०२५

चि. सारिकास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. ह्यांना अजून दाखवलेलं नाही. डब्यात तांदळाखाली ठेवलं आहे.

मुलगा गेला तेव्हा मी म्हटलं, त्याचं काम तरी राहिलं. आता तेही नाही. हे पाहायला जगात दुसरं कुणी नव्हतं का? तुलाच का पाहावंसं वाटलं? लांबच्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जळतात मेले.

पाटी तयार होऊन आली आहे. सुंदर झाली आहे.

आज यापुढे लिहवत नाही.

आई


पुणे,
१३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आईंस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत, मीच का पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर एका ओळीत लिहून मोकळे झाले असते, की खवणेकरांचा दावा चुकीचा. मी त्या पट्ट्याजवळ महिनाभर बसले, कारण जितेंद्र तिथे तीन वर्षांहून जास्त बसला होता. अर्ज केला त्या संध्याकाळी चहा पिताना तो मला म्हणाला होता, ग्रह नसेल तर नसेल, पण कळल्याशिवाय झोप कशी लागेल? मी हसून म्हटलं, तुला तशीही लागत नाही.

आई, मी त्याचं काम पुसलेलं नाही. त्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर आलं आहे, ते फक्त आपल्याला हवं तसं नाही. नव्या लेखावर त्याचं नाव माझ्या आधी असेल.

मी मेमध्ये यायला तयार आहे. गावासमोर जे सांगायचं ते मी सांगेन. शिव्या पडल्या तर मला पडू देत. तुम्ही दोघं पुढच्या रांगेत बसू नका, एवढंच मागणं.

आजही तुमचीच,
सारिका


निवती,
१२ मे २०२५

चि. सारिकास,
खूप खूप आशीर्वाद.

येऊ नकोस अशी तार केल्यासारखा निरोप मी गुरुप्रसादच्या फोनवरून दिला, त्याचा तुला राग आला असेल. पण ग्रहाची गोष्ट गावभर केली होती मी. ती परत घ्यायला तुला का पुढे करू?

आधी ह्यांना सांगितलं. तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. हे उठून गेले. जेवायला आले नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, चल, गुरुप्रसादाक सांगाक व्हया. त्याच्याकडे गेलो. तो बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, काकानु, पत्रिका वाटल्या, पाहुणे ठरले, पाटी झाली, आणि इथे कोण तपासायला येणार आहे? हे म्हणाले, त्या दारातून पोरां शिकाक जातली, त्यांका दारातच खोटा वाचूक देऊक नको. गुरुप्रसादनं कुडाळला फोन लावला. पाटी बदलली. आता तिच्यावर नुसतं नाव आहे आणि खाली, या शाळेचा विद्यार्थी.

परवा कार्यक्रम झाला. शिक्षणाधिकारी चांगलं बोलले, पण त्यांच्या कागदावर ग्रह होताच. मग गुरुप्रसादनं माझं नाव पुकारलं. मी कधी माईक हातात धरलेला नाही. भाषण पाठ केलं होतं ते सगळं विसरले आणि मालवणीतच बोलले. म्हटलं, माझ्या झिलान, जितून, एक ठिपको बघितलो, तेका वाटला ग्रह आसा. पण तेचा मन मानी ना, म्हणान तेणाच परत बघूक मागितल्यान. तो गेलो. मगे माझ्या सुनेन बघितल्यान. ग्रह नाय हा. मी सगळ्यांका आसा म्हणान सांगितलंय, तां आता मीच मागे घेतंय.

राधाबाईनं तोंडाला पदर लावला. अधिकारी खाली बघत होते. मला वाटलं, आता उतरावं. तेवढ्यात नववीतली एक मुलगी उभी राहिली, समोरच्या वाडीतली भक्ती. तिनं विचारलं, आजी, ग्रह नाही तर मग तो पट्टा कुणी पाडला? मी म्हटलं, माहीत नाही बाय. जगात कुणालाच माहीत नाही. ती खाली बसेना. म्हणाली, मग ते कसं शोधायचं? मी तिला तुझा पत्ता दिला आहे. तिचं पत्र येईल, मोठं असेल, कंटाळू नकोस.

गावात दोन दिवस बोलणं झालं. काहींनी मान हलवली. एकानं तर तुझ्यावरून मला टोमणाही मारला, म्हणाला, सून भारी शिकलेली. मी म्हटलं, होय, भारीच शिकलेली आसा.

आता खरं सांगायचं ते. कार्यक्रमानंतर आम्ही दोघं किनाऱ्यानं घरी निघालो. ऊन उतरलं होतं. मांडवाचा आवाज मागे पडला तसे हे वाळूत बसले आणि रडले. मोठ्यानं, पोरासारखे. जितूला नेलं तेव्हाही रडले नव्हते, तुला ठाऊक आहे. मी शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाले, इतके म्हयने तो गावाचो शास्त्रज्ञ होतो गो. आज माका माझो झील गावलो.

एवढंच तुला कळवायचं होतं. तुझ्या सवडीनं ये, राहायला ये.

तुझी,
आई