‘निवड झाली’ म्हणणाऱ्या मास्तरले म्या ब्लॉक केलं

मोतीराम, तुह्या अकलेले काय म्हणावं! पोळ्याले भातकुलीहून आला, माह्या घरी आठ पुरणपोळ्या हाणल्या आन् वरून मले शिकवून गेला, का बाई, फोनवर ‘तुमची निवड झाली’ असं आलं आन् खाली निळी लिंक असली का समजाचं चोर हाये, दोन शिव्या घालाच्या आन् ब्लॉक कराचं. म्या तसंच केलं. थो चोर नव्हता रे, प्रणालीच्या शाळेतला कबड्डीचा मास्तर, स्वप्निल सर होता!

आता आशीर्वाद घे. तुही पार्वता, लेकरं बरी असन. तुह्या गुडघ्याचं काय हाये (दुखत असन तं तेल लाव, मले वर्णन लिहू नको). माही तब्येत ठणठणीत, तोंड शाबूत, आन् बातमी अशी हाये: आपली नात प्रणाली जिल्ह्याच्या संघात लागली! अमरावतीले खेळाले जाते! साऱ्या अकोला जिल्ह्यातून बारा पोरी, त्यात तेल्हाऱ्याची ही एकटी. पण ते जाता जाता राहिलं, आन् घालवून मीच राहिली होती. ऐक.

शाळेनं औंदा नियमाचा कागद काढला. मास्तरानं पोराइले परस्पर मेसेज कराचा नाई, फोटो पाठवाचे नाई, संध्याकाळी सहानंतर तं बिलकुल नाई. जे सांगाचं ते पालकाच्या नंबरावर, आन् पालकाच्या फोनवरून पोरानं मेसेज कराचा नाई. नियम सोळा आणे खरा हाये. पोरीच्या फोनात मास्तराचं काय काम? म्या तं सभेत टाळ्या वाजवल्या (एकटीनंच वाजवल्या, बाकीचे चहाची वाट पाहून राहिले होते). श्याम आन् सूनबाई सुरतेले कामावर, म्हणून पालक म्हणून नंबर माहा लागला.

शुक्रवारी दुपारी त्याच्यावर आलं: ‘अभिनंदन! प्रणालीची निवड झाली आहे. लिंकवर आधार क्रमांक भरा व संमती कळवा.’ आता तूच सांग, चोर याच्याहून येगळं काय लिहिते? नाव तं चोराइलेही माहीत असते. म्या पालकाइच्या ग्रुपवर बोलून पाठवलं (मले तेवढंच दाबता येते) का, मुर्दा बशिवला तुहा, माह्या नातीचं नाव घेते, आधार मांगते, तुह्या बापाचं हाये काय? आन् दिला स्वप्निल सराले ब्लॉक. बासष्ट पालकाइनं ऐकलं. दोघाइनं खाली अंगठा दिला, काहून दिला त्याइलेच माहीत.

सोमवारी मधल्या सुटीत पोट्टी घरी आली ते दप्तर फेकत. सरानं तिले वर्गात सांगतलं होतं, का तुह्या आजीचा नकार आला, यादी पाच वाजता अकोल्याले जाते, तुह्या जागी दुसरी पोरगी टाकून राहिलो. म्या फोन तिच्यापुढे केला. म्हटलं, बाई, हे ब्लॉक काढून दे. तं म्हणते कशी, "पालकाच्या फोनवरून विद्यार्थ्यानं मेसेज कराचा नाई, नियम हाये. तूच टाळ्या वाजवल्या." दोन वर्षं पहाटे उठून पळून राहिली ते पोरगी, आन् माह्याकडे पाहतही नव्हती.

मी गेली तशीच शाळेत. मोठ्या मॅडम पुण्याकडच्या, बोलते गोड आन् जाग्यावरून हलत नाई. म्हणे, आजी, नकार तुमच्या नंबरावरून आला, तं होकारही तिथूनच पाहिजे, लेखी. आन् सरानं पालकाचा फोन हातात घ्याचा नाई. मंग काय! शाळेच्या कडूलिंबाखाली मी, तीन हात दूर मास्तर, घामानं चिंब. थो म्हणे, आजी, वरचे तीन टिंब दाबा. दाबले, तं तुले फोन लागला. (चार वेळा लागला. तू एकदाही उचलला नाई.) मंग फोनची बत्ती लागली. मंग सुरतेले माह्या नाकाचा फोटो गेला. पाचाले दहा कमी असताना ब्लॉक निघालं, आन् समोर उभ्या माणसाचा मेसेज माह्या हातात वाजला: ‘आपली संमती आहे का?’ म्या त्याच्या तोंडाकडे पाहिलं, थो माह्या. एका बोटानं लिहिलं, ‘हाव’. मॅडम खिडकीतून म्हणे, हाव म्हणजे काय? तवा थो गरीब मास्तर पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "मॅडम, वऱ्हाडात याच्याहून मोठी संमती नसते."

गेली यादी! पोट्टी रात्री दोन भाकरी जेवली. मास्तराची माफी म्या ग्रुपवरच मागतली, बासष्टाइच्या देखत.

आता पाच दिवस अमरावती. नियमानं नोंदवलेला पालक तिथं हजर पाहिजे, म्हणून मलेही निघा लागते. म्या म्हटलं, माहा कापूस वेचाचा हाये. पण नियमापुढे माहं काय चालते!

तुही मोठी बहीण,
शकुन

ता. क. पोरी वसतिगृहात राहाते. मी भातकुलीले तुह्या घरी राहीन, सकाळच्या एसटीनं अमरावतीले जात जाईन. बिनतिखटाची भाजी मले चालत नाई.

पुन्हा ता. क. पालकानं यावं असं कोणत्याच कागदावर नाई. सर तं हात जोडून म्हणे, आजी, येऊ नका. पण पोट्टी एवढी धावते ते कशी धावते, हे म्या एकदाही पाहिलं नाई, आन् मले पाहाचं हाये. तू कोणालेच नाई म्हणत नाई, आन् पाच दिवस चुलीपुढे बसाचं पार्वताले. म्हणून तू लिहू नको. उत्तर पार्वतानंच द्यावं.