हुजैमाची गाणी

३ रजब
उस्ताद म्हणतात, सगळ्या वह्या धुऊन टाक! ताप डोक्यात गेला की काय? वाळवंटातल्या हुजैमा म्हातारीकडून उस्तादांनी ऐकून आणलेली गाणी आहेत त्यांत. चाळीस वर्षं बसऱ्याची पोरं त्यांवरून अस्सल अरबी शिकली. मी स्वतः ती उतरवली — आणि आता पाण्यात? का, विचारलं. "माझे डोळे गेलेत, पोरी. तुझे कान गेले का?"

४ रजब
अंगणात घंगाळ मांडलं. उस्ताद शेजारी बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. मी धुतली माझी जुनी कच्ची पानं! मग त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. माझा जीव टांगणीला. "शाईच आहे," म्हणाले, आणि ढसाढसा रडले. खऱ्या वह्या खजुरांच्या टोपल्यांमागे आहेत.

६ रजब
वह्या शुबैल पुस्तकवाल्याला दिल्या. तो नकला करून घेणार. उस्ताद रागावतील, रागावू देत. चांगलंच केलं मी.

११ रजब
आज उस्तादांनी जवळ बसवून घेतलं.

"हुजैमा नव्हतीच."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तरुणपणी गेलो वाळवंटात. तिसऱ्याच दिवशी ऊन लागून कोसळलो. पुढचं काही आठवत नाही. घरी शुद्धीवर आलो तर डोक्यात गाणीच गाणी. सगळी माझीच! पण अस्सल अरबी ती वाळवंटातली, शहरातल्या पोराची भाषा कोण प्रमाण मानणार? म्हातारी रचली, जिभेवर आलं ते नाव ठेवलं. जन्मभर खोटे दाखले दिले गं. अल्लापुढे कुठल्या तोंडानं उभा राहू? धुतलंस ना सगळं?"

"धुतलं," म्हणाले मी. मेले जिभे!

१२ रजब
शुबैलकडे धावले. "चार नकला कालच कूफ्याला गेल्या, बाई. मिठाई आणलीस का?"

१५ रजब
उस्ताद गेले. शेवटपर्यंत एकच — "खोटारडा मी, खोटारडा."

१ शाबान
दारात वाळवंटातली एक बदू म्हातारी तूप विकायला आली. तूप मोजताना गुणगुणत होती — उंटाच्या पिलाचं गाणं, आमच्या पहिल्या वहीतलं! कुणाचं, विचारलं. "माझ्या आईचं, हुजैमाचं. बसऱ्याचा एक पोरगा उन्हानं पडलेला सापडला. महिनाभर बरळत होता. आईनं उशाशी गाऊन गाऊन जगवला. मग काफिल्याबरोबर धाडला. मेल्यानं साधा निरोपही पाठवला नाही!"

पंधरा दिवस आधी का नाही आलीस गं, बाई?