मरियंबीच्या खोलीतल्या आवाजाबाबत

मी, पळ्ळिवीट्टिल इंबिच्चि कोया, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी मोठ्या बाजारात मिरी-सुंठीचा घाऊक व्यापारी, हल्ली रिकामटेकडा, राहणार कुट्टिच्चिरा, कोळिकोड, तळ्याच्या पश्चिमेला, बायकोच्या घरी, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसं म्हणत नाहीत, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट या घरात माझं कोणी ऐकतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

कलम पहिलं, घर. घर मला कोणाला देता येत नाही, कारण ते माझं नाही. आमच्या कोया मुसलमानांत घर बायकांचं. लग्न करून मीच इथे आलो आणि माडीवरची ही खोली मरियंबीला व मला मिळाली. जावयाला इथे पुय्यापळा म्हणतात, म्हणजे नवा नवरदेव. कवळी बसवली, काठी आली, तरी खालची पोरं ओरडतात, "पुय्यापळा आले, बाजूला व्हा!" असो. खोली मरियंबीची आहे आणि तिचीच राहील. तिथली एक खुंटीसुद्धा माझी नाही. माझी आहे ती फक्त खोलीतल्या आवाजाची दुरुस्ती.

कलम दुसरं. ही दुरुस्ती म्हणजे काय, ते माझ्या मुलांना अजून कळलेलं नाही, म्हणून लिहितो. स्पीकर कितीही चांगला असो, खोली आपलं घोडं मध्येच दामटते. काही सूर फुगवते, काही गिळते. म्हणून ऐकणाऱ्याच्या कानाच्या जागी एक छोटा माइक उभा करायचा आणि स्पीकरमधून खालच्या घुमऱ्यापासून वर शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज सोडायचा. खोलीने काय खोडी काढली ते कॉम्प्युटर टिपून घेतो आणि पुढे गाणं सोडतानाच तेवढं कमी-जास्त करतो. मोजणी चालू असताना पंखा बंद, बोलणं बंद. मी खिडकीतून ओरडायचो, "गप्प बसा रे सगळे!" चाळीस माणसांचं घर, कोण गप्प बसतंय? पोरं खिडकीखाली जमून म्हणायची, "उप्पापांची मांजर रडायला लागली!" उप्पापा म्हणजे आजोबा, म्हणजे मी. त्यांना मी माफ केलं आहे.

यात एकच खोट आहे. दुरुस्ती एका जागेची असते. दोन हात बाजूला सरकलात की आवाज आधीपेक्षाही बिघडू शकतो. माइक अर्थातच माझ्या खुर्चीपाशी असायचा. मरियंबी भिंतीकडच्या पलंगावर बसून म्हणायची, "अहो, मला शब्दच कळत नाहीत, नुसतं ढुमढुम येतंय." मी म्हणायचो, "कान साफ कर." ती म्हणायची, "डोकं साफ करा तुम्ही." संसार असा मजेत चालला होता.

मग तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तिला सगळं कळतं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. ती तोंड उघडते आणि माझ्याकडे बघत राहते. डॉक्टर म्हणाले, "काहींना गाण्याबरोबर शब्द येतात. बघा लावून." मोबाइलवर लावलं, तिने कान झाकला. खालच्या बैठकीत लावलं, छत घुमलं, ती गप्प. शेवटी पलंगावर तिच्या उशीपाशी माइक उभा करून मी नव्याने मोजणी घेतली. जुन्या मैफिलीतलं एक गाणं लावलं आणि मरियंबी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शब्द न् शब्द गायली. मी लहान पोरासारखा रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्या खुर्चीत आता ढुमढुम येतं, ते मी चालवून घेतो.

तेव्हापासून आमचं बोलणं असं चालतं. तहान लागली की ती स्पीकरकडे बोट करते. मी पाण्याचं गाणं लावतो, ती त्यात 'पाणी' म्हणते, मग मी पाणी देतो. आधीच भांडं पुढे केलं तर रागावते. तिला मागायचं असतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कलम तिसरं. बँकेतली शिल्लक धर्माने ठरवल्याप्रमाणे मरियंबी आणि दोन्ही मुलगे यांच्यात वाटावी. यावर मला मत नाही.

कलम चौथं, यंत्रं. जो माझा वारस नाही त्यालाही मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत देण्याची मला मुभा आहे. त्या मुभेने स्पीकर, अॅम्प्लिफायर, कॉम्प्युटर, माइक व सगळी गाणी मी मरियंबीच्या धाकट्या बहिणीची नात नफीला हिला देतो. मोजणी घ्यायला या घरात ती एकटीच शिकली. अट ही, की मरियंबी आहे तोवर सामान या खोलीतून हलू नये. शारजाहून थोरल्या फिरोझचा फोन आला होता, "उप्पा, स्पीकर मी नेतो, अॅम्प्लिफायर नौशादला देऊ." मी विचारलं, "आणि खोली कोण नेणार रे?" गाढव हसला.

पलंगाच्या पायांपाशी फरशीवर लाल खुणा आहेत. झाडताना सरकवला तर परत खुणांवरच यावा. माझे कपडे गरजूंना द्यावेत, पण कपाटात तेवढ्याच जुन्या चादरी भराव्यात, कारण रिकामं कपाट घुमतं. माणसाचं अंगही थोडा आवाज पितं. तेव्हा मी गेल्यावर, नफीला, एकदा नव्याने मोजणी घे. फरक किती पडला ते मला कळणार नाही.

कलम पाचवं, बीरान. संगीत क्लबात याने चारचौघांत म्हटलं होतं, "कोया गाणं ऐकत नाही, खोली ऐकतो." यानेच मला स्पीकरसाठी जर्मन तार घ्यायला लावली, आणि तिने काडीचा फरक पडला नाही. ती तार मी त्याला देतो. कपडे वाळत घालावेत.

कलम सहावं. बाकी सगळं यासाठीच लिहिलं.

नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत खोलीत बसते आणि घरात गाणं वाजत नाही. ही रीत मला मान्य आहे. पण मी गेलो की नेमक्या त्याच दिवसांत मरियंबीला एक शब्दही मिळणार नाही. पाणी मागायला नाही, मला शिव्या द्यायला नाही, रडायला नाही. मी पुय्यापळा, माझा इथे काय अधिकार? घराचा कारभार तिचा भाऊ आलिकोया बघतो. त्याला गाठलं. मरियंबीला तो इत्ता म्हणतो, म्हणजे ताई.

"मी गेल्यावर इत्ताच्या खोलीत हळू आवाजात गाणं लावू द्याल?"

"पुय्यापळा, चहा गार होतोय."

"मी चहाचं विचारत नाहीये."

"मयताच्या घरात गाणं? उद्या मशिदीत लोक काय विचारतील मला?"

"ते गाणं नाही हो. तिची वाचा आहे ती."

"मला कळतं. सख्खी बहीण आहे माझी. पण लोकांना कोण समजावणार? तुम्ही? तुम्ही तर मेलेले असाल."

म्हणून हात जोडून लिहितो, की दिवसातून एकदा, दार लावून, नफीलाने तिला गाण्यांची यादी दाखवावी आणि ती बोट ठेवेल ते लावावं. कोणतं लावा हे मी सांगू शकत नाही. पाण्याचं, भुकेचं, औषधाचं गाणं मी शोधून ठेवलंय. मी गेल्यावर तिला काय म्हणायचं असेल, हे मला ठाऊक नाही, आणि ते गाणं माझ्याजवळ आहे की नाही हेही ठाऊक नाही. हे कलम कोर्टात टिकणार नाही. टिकवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

इथे माझी इच्छा संपते. वाचून पाहिलं, बरोबर आहे.

कुट्टिच्चिरा, ११ जानेवारी २०२४
(सही) पी. इंबिच्चि कोया

साक्षीदार:
१. (सही) ए. टी. वेलायुधन, शेजारी. माझ्यासमोर सही केली.
२. (सही) आलिकोया, मरियंबीचा भाऊ. माझी सही हस्ताक्षरापुरती आणि डोकं ठिकाणावर असल्यापुरती आहे. सहाव्या कलमाबाबत मी कोणाला शब्द दिलेला नाही. इत्ताच्या खोलीचं दार सागवानी आहे, चार बोटं जाड. लावून घेतलं की आतलं अंगणात ऐकू येत नाही. एवढं मला माहीत आहे, ते लिहिलं.