डॉक्टर सरोजिनी शुद्धीवर येईपर्यंत

उल्हासनगर, कॅम्प ५
१२ जानेवारी २०२५

ती. द्रौपदीताईस,
धाकटा भाऊ शंकर याचा स. जय भीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की कोण वारलं म्हणून आख्खी चाळ बाहेर येते, म्हणून पत्र लिहितो. काल तुझ्या सूनबाईचा, अस्मिताचा फोन आला. तुझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनला अठ्ठावीस तारीख दिली आणि तू ती परत केलीस, असं म्हणाली. कारण विचारलं तर तिने आधी विषय बदलला. मग म्हणाली, 'आठवा मजला' मालिकेत डॉक्टर सरोजिनीबाईंचं हेच ऑपरेशन झालं आणि त्या शुद्धीवर आल्या नाहीत, म्हणून आई घाबरल्यात.

ताई, मी सातवी नापास, तू सातवी पास. मग हे कसं? नऊ वर्षं आपण ही मालिका बघतो, तू तिकडे मांजर्लीत, मी इकडे. पण पहिली पाच वर्षं तिच्यात दवाखाना होता. आता आठव्या मजल्यावर हळदी लागतात. हाडांचा डॉक्टर बाळंतपणं करतो. सरोजिनीबाई तेवीस दिवस बेशुद्ध, पण टिकली जागची हलत नाही, आणि एक नर्स रोज त्यांच्या कानात घरातली गुपितं सांगते. डोकं फिरतं. शेवटचं पर्व म्हणून जाहिरात करतात आणि असला कचरा दाखवतात. त्याच्यावर तू जीव टांगतेस?

खडा सरकला तर कावीळ होते, पिशवी सडते, असं आमचे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला जेवण जात नाही. अठ्ठावीस तारीख सोडू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नये, ही विनंती.
तुझा शंकर

मांजर्ली, बदलापूर (प.)
१८ जानेवारी

चि. शंकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू काळजी करायला बसलास की दुसऱ्याला जागाच ठेवत नाहीस. लहानपणी मला गोवर आला तेव्हा तूच जास्त कण्हत होतास.

मालिका खोटी असते हे मला कळतं, मी वेडी नाही. पण एक आठव. सहा वर्षांपूर्वी तुझा डावा हात दुखत होता, घाम फुटला होता आणि तू गॅस म्हणून ओवा चावत बसला होतास. मी त्याच आठवड्यात डॉक्टर सरोजिनीच्या तोंडून ऐकलं होतं की हा गॅस नव्हे, हृदयाचा झटका. म्हणून तुला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. तेव्हा ती बाई खरी होती, मग आता कशी रे खोटी झाली? तिने माझा भाऊ वाचवला. तीच आता माझ्याच दुखण्याने पडली आहे, आणि ती उठायच्या आधी मी त्या टेबलावर चढायचं, हे मनाला पटत नाही.

मालिका पंधरा फेब्रुवारीला संपते. शेवटच्या दिवशी तरी तिला उठवतीलच. ती उठली की सतरा तारखेला मी दवाखान्यात जाते, अस्मिताला तसा शब्द दिला आहे. महिन्याने काही होत नाही. बाकी मालिका बिघडली हे खरं. शेजारची तुळशी म्हणते, लिहिणारा बदलला असणार. मी म्हणते, लिहिणारा झोपला असणार.

ओवा कमी खा.
तुझी ताई

उल्हासनगर, कॅम्प ५
२ फेब्रुवारी

ती. ताईस, शंकरचा स. जय भीम. वि. वि.

तुला परवा पुन्हा कळ आली आणि तू उशी पोटाशी धरून मालिका बघितलीस, हे अस्मिताने कळवलं. मला तुझा राग येतो आणि त्या मालिकावाल्यांचा त्याहून जास्त येतो.

मी इथे लोकांची मतं घेतली. चाळीतली गंगू म्हणाली, सरोजिनीबाईंना मारा नाहीतर उठवा, पण पलंग रिकामा करा. भगवंत न्हावी म्हणाला, त्यांच्या सर्जनपेक्षा माझा हात स्थिर आहे. समोरची सिंधी पापडवाली भाभी म्हणाली, पूर्वी मालिका बघून पथ्य कळायचं, आता फक्त दागिने कळतात. एका माणसानेही बरं म्हटलं नाही.

मी एक व्यवस्था केली आहे. आता सांगत नाही. सरोजिनीबाई पंधरा तारखेच्या आधीच उठतील, असं मला वाटतं. तू तयारीत राहा.

भावाकडे लक्ष असू दे.
शंकर

मांजर्ली
१२ फेब्रुवारी

चि. शंकर यास आशीर्वाद.

कालचा भाग संपल्यावर त्यांनी जाहीर केलं की प्रेक्षकांच्या पत्रांमुळे आणखी दोन महिने मालिका चालू राहणार. पंधरा एप्रिलपर्यंत. एकट्या उल्हासनगरातून सेहेचाळीस सह्यांचं पत्र आलं म्हणे, आणि सरोजिनीचं काम करणाऱ्या बाईंनी हात जोडून आभार मानले. तुमच्या कॅम्पातले हे रिकामटेकडे कोण आहेत? सापडले तर त्यांना माझ्याकडे पाठव.

मी डॉक्टरांना एप्रिल कळवलं. अस्मिता माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. काल रात्रीपासून अंगात थोडी कणकण आहे, पण ती हवेची असेल.
तुझी ताई

उल्हासनगर, कॅम्प ५
१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

जय भीम लिहायलाही हात धजत नाही. तो रिकामटेकडा मी आहे. सेहेचाळीस सह्या मीच दारोदार फिरून घेतल्या. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की ही मालिका ताबडतोब बंद करा, सरोजिनीबाईंना या आठवड्यात शुद्धीवर आणा, माझ्या बहिणीचं ऑपरेशन अडलं आहे. पण मी आपला शिष्टाचार म्हणून सुरुवातीला दीड पान स्तुती लिहिली. साहेबाला अर्ज करताना आधी चांगलं लिहायचं, मागणी शेवटी, असं कंपनीत शिकलो होतो. त्यांनी दीड पान वाचलं, सह्या मोजल्या आणि पत्र मिटलं असणार.

तुझ्या दुखण्याचे दोन महिने मी वाढवले. तुला कणकण आहे हे वाचलं आणि तसाच हे लिहायला बसलो. मला बोल, मार, पण दवाखान्यात जा. हे पत्र टपालाने पाठवत नाही. अस्मिता अंबरनाथला कामाला येते, तिथे स्टेशनावर जाऊन तिच्या हातात देतो.

तुझा अपराधी,
शंकर

बदलापूर, दवाखाना
२० फेब्रुवारी

चि. शंकर यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन सोमवारी झालं. मी बरी आहे, हे आधी वाच आणि मग बस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा इतका राग आला की कळही विसरले. दुसऱ्यांदा मात्र हसू आलं, पोट धरून, आणि ते पोट दुखायला लागलं म्हणून रडले. अरे, मी नऊ वर्षं समजत होते की त्या बाईचं जगणं-मरणं कोणीतरी डॉक्टरकीचं पुस्तक उघडून ठरवत असेल. आणि माझ्या सातवी नापास भावाने दीड पान गोड लिहिलं, तर ती दोन महिने जास्त बेशुद्ध राहते! मग मी कशाची वाट बघत होते? मी अस्मिताला हाक मारली आणि चल म्हटलं. ती वाद घालायच्या तयारीनेच आली होती, ती तशीच रिक्षा बघायला धावली.

पिशवी सुजली होती. आठवडाभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीण म्हणाली. ती पोरगी अस्मिताहून लहान असेल. तिने मालिकेतल्यासारखं कोणाकडे तीनदा वळून पाहिलं नाही, कोणाची गुपितं सांगितली नाहीत. नाव विचारलं, पोटावर खूण केली आणि कामाला लागली. शुद्धीवर आले तेव्हा नर्स कानाशी ओरडत होती, आजी, खोकू नका.

शनिवारी घरी सोडतील. त्याआधी भेटायला यायचं तर चार ते सहा. रडायचं असेल तर घरून रडून ये, इथे शांतता राखा अशी पाटी आहे.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून तर इतकं बोलते.
तुझी ताई