डाळीच्या डब्यातलं काचेचं शहर

प्रिय अण्णा,

आपल्यात पत्र लिहायची पद्धत कधीच नव्हती. नांदेड-लातूरचं काम फोनवर भागायचं, आणि नाहीच भागलं तर सकाळची एसटी होती. आता त्या दोन्हींचा उपयोग नाही. शिवाय तुम्ही होता तेव्हाच सांगायला हवी होती अशी एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली आहे. ती राहिली म्हणूनच हे पत्र.

ते आत्ताच का, तर मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. वरची खोली क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायची आहे. "भाऊजी, तुमच्या अण्णाचे डबे तेवढे बघून जावा. ठिवायचं का टाकायचं, तुमीच सांगा. मला त्यातलं काई कळत न्हाई."

मला तरी कुठं कळतं? पण गेलो. जाताना खाजाभाईंना सोबत घेतलं. तुमचा प्रोजेक्टर इतकी वर्षं जिवंत ठेवणारा माणूस तोच. रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांनी आता बंद केलंय. पण पिशवीतला पेचकस सुटलेला नाही.

अण्णा, लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. तुम्ही एकच सिनेमा जमवलात! आणि तोही अख्खा नव्हे, त्याचे तुकडे!

तुमचा हा नाद मी कुणाला समजावून सांगायला लागलो की माझीच दमछाक व्हायची. व्हिडिओ येण्याआधी परदेशी कंपन्या मोठ्या सिनेमांच्या छोट्या आवृत्त्या काढून विकायच्या. दोन तासांचा सिनेमा कापून कापून आठ-दहा मिनिटांवर आणायचा आणि बशीएवढ्या रिळावर चढवायचा. ज्याच्या घरी छोटा प्रोजेक्टर असेल त्यानं तो भिंतीवर बघायचा. कंपनी बदलली की कापणं बदलायचं, देश बदलला की आणखी वेगळं. डाळीच्या व्यवहारासाठी हैदराबादला गेला होतात, तिथल्या जुन्या बाजारात तुम्हाला त्यातलं पहिलं रीळ मिळालं. गुरूच्या एका चंद्रावर यान उतरतं, तिथं काचेचं शहर सापडतं, आणि परत निघायच्या वेळी शहर त्यांना सोडत नाही. एवढीच गोष्ट. ती तुम्ही वेगवेगळ्या कात्रीतून किती वेळा बघितली असेल?

तुमच्या डाळ मिलच्या गोदामात, पोती सरकवून मोकळ्या केलेल्या भिंतीवर तुम्ही ती आम्हाला दाखवायचा. यान उतरलं की पुढच्याच क्षणाला कॅप्टन जखमी! हमाल ओरडायचे, "सावकार, ह्याला मारलं कोणी?" तुम्ही गंभीरपणे सांगायचा, "ते दुसऱ्या रिळात हाय. दुसरं रीळ अजून यायलंय."

दुसरं रीळ यायचं. त्यात कॅप्टन धडधाकट असायचा आणि यानावरचा डॉक्टर गायब!

मी तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान. आयुष्यभर पेपरात दुसऱ्यांचा मजकूर कापत आलो. सहाशे शब्दांचं दोनशे करायचं, तेही पान जायच्या आत. तुमच्या छंदाची मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. मी कापून फेकतो ते काम, आणि तुम्ही कापलेलं हुडकत फिरता! एकदा तुमच्या जर्मन रिळात डॉक्टर शेवटपर्यंत जगला. मी म्हणालो, "अण्णा, तो मरतो हो. ह्यांनी मरण्याचा सीन कापलाय."

तुम्ही रीळ उलटं गुंडाळत होता. वर न बघता म्हणालात, "मग वाचिवलं की त्याला. तू एवढी वर्षं कापायलास, कुणाला वाचिवलंस का?"

 

मूळ सिनेमा फोनवर आला तेव्हाचं आठवतं? मी मोठ्या उत्साहानं लातूरला आलो होतो.

"अण्णा, अख्खा आलाय. लावू का?"

"नगं."

"कामून?"

"तुला जेवायला पोतं उलटं करून देऊ का? वाटीत वाढलं की चव कळती." आणि वर म्हणालात, "आन् अख्खा बघितला तर ही सगळी खोटी पडतील की रे."

मी फोन खिशात टाकला. तुमचं म्हणणं पटलं नव्हतं. तुमची समजूत मोडायला नको, एवढंच वाटलं. अण्णा, हीच सवय पुढं नडली.

आता मुद्द्याचं.

मिल मुलाच्या हातात देऊन तुम्ही घरी बसलात, तेव्हा सगळी रिळं नीट ठेवायचं मनावर घेतलंत. तुम्ही डाळवाले. हयात तूर टिकवण्यात गेलेली. डाळ भरायचे तेलाचे मोठे डबे धुऊन, उन्हात वाळवून घेतलेत. तळाशी निंबाचा पाला, त्यावर रिळं, वरून पुन्हा पाला, मग झाकण, आणि झाकणाच्या कडेनं मेण. असे नऊ डबे. त्या दिवाळीला मला वर नेऊन दाखवलेत. "डाळ आन् फिल्म सारखीच, शरणू. वारं लागलं की संपलं. आता माझ्यामागं पन्नास वर्षं हात लावायची गरज न्हाई."

मी काय म्हणालो? "छान केलंत." वहिनींनी चहाला हाक मारली आणि आपण खाली उतरलो.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी मी रविवारच्या पानासाठी एक मुलाखत केली. पुण्यात जुन्या फिल्मा सांभाळण्यात नोकरी घालवलेले एक निवृत्त गृहस्थ नांदेडला मुलीकडे आले होते. त्यांनी शेवटी एक गोष्ट बजावून सांगितली होती. जुनी फिल्म हवाबंद ठेवू नका. तिच्यातून आंबट वाफ निघते. ती कोंडली की फिल्म स्वतःच्याच वाफेत सडते, आणि एक सडलं की शेजारचंही सडतं. घरोघरी लग्नाची, मुंजीची, बारशाची रिळं पडलेली असतील. त्यांची झाकणं सैल करा, असं नक्की लिहा, म्हणाले.

मी लिहिलं. पान लागलं तेव्हा मजकूर अकरा ओळींनी वाढला होता. सवयीनं खालून कापला. गेल्या त्या याच अकरा ओळी.

रविवारी सकाळी तुमचा फोन आला. माझ्या प्रत्येक लेखाचं कात्रण तुम्ही ठेवायचा. "चांगलं लिवलास. पण शेवट घाईत केल्यावानी वाटायलाय. काई कापलास का?"

"जाहिरात आली हो, अण्णा."

तुम्ही हसलात. "म्हंजे तुमचंबी आमच्या रिळावानीच!"

काय कापलं हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. त्या सकाळी तुमचे डबे माझ्या डोक्यातही आले नव्हते, ही शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पण ती तिथंच संपत नाही. पुढं वर्षभरानं लातूरला येत होतो. अहमदपूरला गाडी थांबली, शेजारच्या बाईनं लोणच्याची बरणी उघडली, आणि तो आंबट वास आला तशा मला त्या अकरा ओळी आठवल्या. नऊ डबे. कडेनं मेण.

त्या दिवशी मी तुमच्या घरी जेवलो, तुमच्याशी तासभर बोललो, आणि काहीही न सांगता परत गेलो.

का सांगितलं नाही? तुमच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं, हे एक कारण. तुम्ही डब्यांबद्दल इतके निश्चिंत होतात, हे दुसरं. पण खरं कारण असं की सांगायचं म्हणजे "मला माहीत होतं, मी छापलं नाही" हेही सांगावं लागलं असतं. म्हणून पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. मग आणखी पुढच्या. पेपरात एक मिनिट उशीर चालत नाही म्हणून सगळ्यांवर ओरडणारा मी, घरच्या एका वाक्याला चार वर्षं लावली!

तुमची निधनवार्ता मीच केली. डाळ मिलचे मालक, अल्पशा आजारानं लिंगैक्य, पत्नी, मुलगा, सून, नातवंडं. नेहमीच्या मापात बसली. रिळांचा शब्दही त्यात नव्हता. तुम्ही वाचली असतीत तर म्हणाला असतात, काय कापलास?

तर परवा आम्ही डबे उघडले. खाजाभाईंनी पेचकसानं पहिलं झाकण उचललं आणि आंबट भपका येताच तोंडावर रुमाल धरला. "सिरका, साब. पूरा सिरका." आत रिळं वाकडी झालेली, काही एकमेकांना चिकटलेली. बोट लावलं की पापडासारखं तुटत होतं. जर्मन रीळही त्यातच होतं. दुसरा डबा तसाच. तिसराही.

मी तिथंच पायरीवर बसलो. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घ्यायलात, भाऊजी? त्यांना ठावं होतं की."

"काय ठावं होतं?"

"मागच्या उन्हाळ्यात एक डबा उघडले होते. वास आला. मग पुन्हा मेण लावून ठिवले. मला म्हणले, शरणूला सांगू नगा, न्हाईतर पेपरात छापंल."

अण्णा! हे काय होतं? चेष्टा? की कुठं काही वाचून तुम्हाला कारणही कळलं होतं, आणि माझ्या त्या घाईतल्या शेवटाचा हिशेब लागला होता? वहिनींना त्याहून जास्त माहीत नाही. मी दोनदा विचारलं. तुम्ही मला वाचवत होता, की डब्यांवर विश्वास ठेवल्याचं हसं नको होतं, हे आता मला कधीच कळणार नाही. पण एक तक्रार आहे. तुम्ही एकट्यानं तो वास घेऊन मेण लावायला नको होतं. मला बोलवायला हवं होतंत. मी आलो असतो, आणि बहुतेक बोललोही असतो.

सगळं गेलं नाही. खाजाभाई एकेक रीळ खिडकीत आडवं धरत होते. काही रिळांच्या कडेतून उजेड आरपार येत होता. ती वेगळ्या जातीची, पॉलिएस्टरची. सडत नाहीत, सहज तुटत नाहीत. अशी चौदा निघाली. एक खाजाभाईंनी तिथंच प्रोजेक्टरवर चढवलं आणि काचेचं शहर खोलीच्या भिंतीवर उभं राहिलं. वहिनी पहिल्यांदाच पूर्ण बघत बसल्या. "एवढंच व्हय?" म्हणाल्या. "मला वाटलं लई मोठं असंल."

उरलेल्यांचं काय करायचं? भंगारवाला वासानं दारातूनच परत गेला. खाजाभाई म्हणाले, शेतात नेऊन जाळून टाकू. वहिनींनी मान हलवली. "आपल्यात जाळत न्हाईत, भाऊजी. पुरून टाका."

खाजाभाई हसले. "हमारे में बी नै जलाते, भाभी. जबान फिसल गई."

मग रेणापूरच्या शेतात गेलो. तुमच्या समाधीपासून थोडं लांब, बांधाच्या अलीकडं, गड्यानं कमरेइतका खड्डा काढला. डबे नेले नाहीत, नुसती रिळं ठेवली. वहिनींनी त्यावर चिमूटभर विभूती टाकली. मला ते जरा जास्त वाटलं. माती लोटताना खाजाभाईंनी टोपी नीट केली.

चौदा रिळं नांदेडला आणली आहेत. कागदी खोक्यांत, झाकणं सैल ठेवून.

अण्णा, आता एक शब्द देतो. या रविवारच्या लेखात त्या अकरा ओळी जातील, आणि खाली नाही, सगळ्यात वर. कुणाच्या घरी लग्नाचं एखादं रीळ स्टीलच्या डब्यात गच्च बसलं असेल, तर त्यानं ते त्याच सकाळी उघडावं. हवाबंद ठेवलेली रिळं कशी गेली, कुणाची गेली, हेही लिहीन. त्यापुढं आणखी एक वाक्य असेल. आमच्या पेपरचा तरुण संपादक चांगला आहे, तो म्हणेल, सर, हे खासगी आहे, काढू या का? मी काढू देणार नाही. वाक्य असं आहे: मला हे माहीत होतं आणि मी माझ्या भावाला सांगितलं नाही.

तुमचा धाकटा,
शरणू