दोन चाळीसची ओळ

४ एप्रिल, पेडणे
बेळगावहून आले नि दुसऱ्याच दिवशी इथल्या हवामान कचेरीत कामाला लागले. धाकटा भाऊ अविनाश जवळच धारगळला बांधकामावर आहे, म्हणून बेळगावला एकटी राहिलेली आईही खूश. हळर्ण, धारगळ आणि मुळगाव इथली आमची यंत्रे दर दहा मिनिटांनी तापमान नि आर्द्रता पाठवतात. त्यावरून अंगाला जाणवणारी उष्णता काढायची, फार वाढली की शेतकऱ्यांना, ठेकेदारांना ‘काम थांबवा’ कळवायचे. आमचे वरिष्ठ गुरुदास सर दर वेळी पाच वर्षांच्या नोंदी पहिल्यापासून मोजतात. मेसेज पोचेतो ऊन उतरते, म्हणजे वरातीमागून घोडे.

६ एप्रिल
जुनी उत्तरे एकदाच काढून साठवली. आता फक्त नव्या नोंदीचे काढायचे. अकरा मिनिटांचे काम दोन सेकंदांत! सरांनी भाजी-पाव मागवला. हळर्णचे काजूवाले बाबाजी रोज फोन करतात, “बाये, आज ऊन किती लागतला गो?” आज त्यांना लगेच सांगता आले.

८ एप्रिल
साठवलेल्या उत्तरांत उद्याची एक ओळ आहे. हळर्ण, दुपारी २.४०, उष्णता ६१. तापमान, आर्द्रता रिकामी. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. हसून सोडून दिले.

९ एप्रिल
२.४०ला हळर्णची नोंद आली. ६१. दहा मिनिटांनी पुन्हा ३८. बाबाजी काजूखाली मेलेले सापडले, सावलीत. सर म्हणतात, वय झाले होते. मी काल हसले, त्याची लाज वाटते.

११ एप्रिल
उद्यासाठी पुन्हा हळर्ण. ओळ पुसली. ती धारगळवर गेली. कुणाला काही सांगितले नाही.

१२ एप्रिल
धारगळ, २.४०. अविनाशबरोबर विटा वाहणारी कोल्हापूरची सिंधू गेली. मी पुसले नसते तर— लिहवत नाही.

१४ एप्रिल
उद्या धारगळच. ही मोजणीच बंद करा, म्हणून सरांना विनवले. ते म्हणाले, रजा घे. अविनाशला हात जोडले, उद्या तिथे जाऊ नकोस. तो कसाबसा हो म्हणाला.

१५ एप्रिल, सकाळ
धारगळला बाकीची माणसे आहेतच. पुसली. मुळगाववर गेली. तिथल्या सगळ्यांना कळवले, घरात बसा.

१.५०
अविनाशचा फोन. धारगळ नको तर मुळगावला जा, म्हणून ठेकेदाराने पाठवले. आगीतून फुफाट्यात. परत ये म्हणेतो फोन कट झाला. आता लागत नाही.

२.३३
मुळगावची पुसली.

२.३५
ओळ आहेच. २.४०. ६१. गावाचे नाव नाही; इथे पेडण्यात तर यंत्रच नाही. एसी सोळावर, तरी पाठ भाजतेय— दाराची कडी हातात धरवत नाही— पुसली तर पुन्हा हळर्ण, धारगळ, मुळगाव—

२.३८
अविनाशचा मेसेज. अक्का, इथे वारा सुटलाय, बरे वाटते.

पुसणार नाही. शाई पसरतेय— अवि, आईला एकटीला ठेवू नको, तिला इथे आण— नाही, इथे नको, तूच घरी—