नरहरी सापडला

माकुणसार

प्रिय शालू,

बोईसर काही लांब नाही, पण समोर बसून हे सांगायला माझी जीभ वळणार नाही, म्हणून लिहिते. नरूदादा सापडला. एकाहत्तरच्या लढाईत कारगिलच्या वरच्या डोंगरात गेलेला आपला नरहरी, ज्याच्या नावापुढे सरकारने 'बेपत्ता' एवढंच लिहिलं होतं, तो गेल्या उन्हाळ्यात बर्फातून बाहेर आला.

पालघरला माझं रक्त काढून नेलं तेव्हा मला काही खरं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईच्या रक्तावरून इतक्या वर्षांपूर्वीचा माणूस कसा ओळखणार? पण ओळखला, शालू. तो गेला तेव्हा मी परकरातली पोर; त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही. माझ्या रक्ताला मात्र तो ठाऊक होता. हे कळलं त्या दिवशी मी वाडीत पानवेलींपाशी जाऊन नुसती माझ्या हातांकडे बघत बसले.

सांगायला आलेला कॅप्टन माझ्या नातवाच्या वयाचा. त्याच्या तुकडीतल्या पोरांनी दादाचं नावही कधी ऐकलं नव्हतं. तरी श्वास पुरत नाही अशा उंचीवर ती पुन्हा पुन्हा चढली, हातांनी बर्फ उकरत राहिली. का रे बाबांनो, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मावशी, आपला माणूस वर ठेवून कसं चालेल?"

आणि दादा एकटा नव्हता गं. शेजारी त्याचा सोबती होता, पाय मोडलेला. त्या पायाला बंदुकीच्या पट्ट्याने काठी बांधलेली, अंगावर दादाचा नंबर असलेला कोट. दादाचे स्वतःचे हातपाय धड होते. तो चालत खाली येऊ शकला असता. 'पळाला, तिकडेच राहिला' असं गावात बोललं गेलं, ते आईने ऐकलं, तूही ऐकलंस. तो पळाला नव्हता. थांबला होता. एवढ्या थंडीत, अंगातला कोट काढून देऊन. आपल्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेला माणूस! मला अजून नवल वाटतं.

तुमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू किती वर्षं थांबलीस, मी पाहिलंय. शेवटी आईच म्हणाली, "पोरी, वाट बघायला मी हाय. तू नको बघू." चंद्रभानभावोजींशी तुझं लग्न तिनेच लावलं, आणि आता वहिनी नाही, शालू म्हणायचं, हेही तिनेच मला बजावलं. त्यानंतर तू दादाचं नाव काढलं नाहीस, मीही नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला घरी आणतायत. पेटीवरचा तिरंगा घरच्यांच्या हातात देतात. कोण घेणार, असं कॅप्टनने विचारलं. मी तुला फोन केला, तो भावोजींनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो शालूनेच घ्यायचा. ती स्वतःहून म्हणणार नाही, तुम्ही तिला लिहा. मी तिच्या मागे उभा राहीन." म्हणून लिहिलं. ये.

तुझीच,
हंसा